कुठलं काडतूस घेऊ?

कोलोरॅडोतल्या कुठल्याही बंदुकीच्या दुकानात जा, 'एल्कच्या शिकारीसाठी कुठलं काडतूस चांगलं?' एवढंच विचारा, आणि दोन पावलं मागे सरकून उभे राहा. पुण्यात चारचौघांत 'सगळ्यात चांगली मिसळ कुठली?' विचारल्यावर जे होतं तेच इथे होतं. काउंटरमागचा माणूस एक सांगतो, शेजारी उभं असलेलं गिऱ्हाईक दुसरंच, आणि न विचारता तिसरा येऊन 'माझ्या वडिलांनी आयुष्यभर थर्टी-ऑट-सिक्स वापरली' असं सुरू करतो.

मी डेन्व्हरजवळ राहतो. दिवसभर पेमेंट सिस्टिमचा कोड लिहितो. ग्रीन कार्ड झाल्यावर शेजारच्या काकांनी (वय अडुसष्ट, निवृत्त सर्व्हेअर, माझे इथले सगळ्यात जवळचे मित्र) एकदा विचारलं, 'येतोस का या वर्षी एल्कला?' मटण आपण खातोच. पण मारण्याचं काम नेहमी दुसऱ्याच कुणीतरी केलेलं असतं. एकदा तरी ते स्वतः करून बघावं, नाहीतर खाणं सोडावं, असं बरेच दिवस डोक्यात होतं. म्हणून हो म्हणालो.

आईला फोनवर सांगितलं तर ती ओरडेल असं वाटलं होतं. ओरडली नाही. सिंधुदुर्गातल्या आमच्या गावी आजोबांकडे ठासणीची बंदूक होती, शेतीसंरक्षणाच्या परवान्याची. डुकरं भातात उतरली की रात्री बार काढायचे. आई एवढंच म्हणाली, "अरे, एक लक्षात ठेव. अर्धवट मारून सोडू नकोस हो. आमच्याकडे एकदा जखमी डुक्कर तीन दिवस रानात ओरडत होतं. अजून आठवतं मला."

पुढचे चार महिने काडतुसांचे जे आकडे मी चिवडत बसलो, त्या सगळ्यामागे आईचं हे वाक्य होतं.

(जाता जाता: एच-१बी किंवा तसल्या तात्पुरत्या व्हिसावर असाल तर अमेरिकेच्या संघीय कायद्याने बंदूक आणि काडतुसं दोन्ही जवळ बाळगायला सर्वसाधारण मनाई आहे. राज्याचा वैध शिकार परवाना असणं हा त्यातला एक अपवाद. मित्राची रायफल 'जरा धरून बघतो' म्हणण्याआधी एखाद्या वकिलाला विचारा. आणि भारतात १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर हा विषयच संपला, ते ठीकच झालं.)

आता मुद्द्याकडे. काडतूस म्हणजे नुसती गोळी नव्हे. पितळेची नळकांडी, तिच्या बुडाशी टोपी, आत दारू आणि तोंडाशी बसवलेली गोळी, हे सगळं मिळून काडतूस. एकदा रायफल घेतली की तिच्यात ठरलेलं एकच काडतूस चालतं. म्हणजे हा प्लॅटफॉर्म निवडण्यासारखा निर्णय आहे, नंतर मायग्रेशन महाग पडतं.

कायद्याची खालची मर्यादा अगदी साधी आहे. कोलोरॅडोत मोठ्या जनावरांसाठी रायफल किमान .२४ कॅलिबरची हवी, गोळी फुलणारी हवी, एल्क आणि मूससाठी ती किमान ८५ ग्रेनची हवी, आणि १०० यार्डांवर तिच्यात कंपनीच्या आकड्यांप्रमाणे १००० फूट-पौंड ऊर्जा शिल्लक हवी. (७००० ग्रेन म्हणजे एक पौंड, म्हणजे ८५ ग्रेन जेमतेम साडेपाच ग्रॅम.) यात इतकी काडतुसं बसतात की कायदा निवडीला काहीच मदत करत नाही.

मग उमेदवार कोण? रिलीज नोट्ससारखं वाचा. .३०-०६ स्प्रिंगफील्ड, १९०६, अमेरिकन सैन्यासाठी बनलेलं, आजही प्रत्येक खेड्यातल्या दुकानात मिळतं. .२७० विंचेस्टर, १९२५, त्याच्याच नळकांडीचं तोंड आवळून बनवलेलं. .३०८ विंचेस्टर, १९५२. मग मॅग्नमचा जमाना: ७ एमएम रेमिंग्टन मॅग्नम १९६२, .३०० विंचेस्टर मॅग्नम १९६३. ६.५ क्रीडमूर २००७, मुळात निशाणेबाजीच्या स्पर्धांसाठी काढलेलं. आणि अगदी ताजं ७ एमएम पीआरसी, २०२२.

शंभर वर्षांपूर्वीचं काडतूस चालत असताना नवीन कशाला? एक खरं कारण आहे. हवेत वेग कमी गमावणाऱ्या गोळ्या लांब आणि निमुळत्या असतात, आणि लांब गोळी स्थिर राहायला नळीतल्या आट्यांना जास्त पीळ लागतो. .२७०च्या नळ्या जुन्या प्रथेप्रमाणे दहा इंचांत एक फेरा देतात. सगळ्या जगात तशाच रायफली पसरल्यामुळे कंपन्या गोळ्याही त्याच लांबीत बसतील अशा काढत राहिल्या. क्रीडमूरने पहिल्यापासून आठ इंचांत एक फेरा ठेवला. बॅकवर्ड कॉम्पॅटिबिलिटीचा भुर्दंड काय असतो ते आपल्याला कुणी समजावून सांगायला नको.

या वादाला इतिहासही आहे. विसाव्या शतकात इथे दोन लेखक गाजले, दोघंही आयडाहोत राहणारे. जॅक ओकॉनर 'आउटडोअर लाइफ' मासिकात लिहायचा आणि .२७०चा भक्त होता. त्याचं म्हणणं, हलकी वेगवान गोळी नेमकी जागी बसवा, पुरे. एल्मर कीथ म्हणायचा, जाड आणि जड गोळी हवी, अडीचशे ग्रेन वगैरे, म्हणजे कोन वाकडा असला तरी ती आतपर्यंत पोचते. हे भांडण वर्षानुवर्षं चाललं. दोघांनीही आयुष्यभर भरपूर जनावरं मारली, हा त्यातला गंमतीचा भाग. म्हणजे दोन्ही डिझाइन्स प्रॉडक्शनमध्ये चालत होती.

मी सगळी तुलना काकांना उत्साहाने दाखवली. स्प्रेडशीट, अकरा काडतुसं, रंगीत कॉलम. काकांनी चष्मा वर केला, ती पाहिली आणि एकच विचारलं, "अंतर कुठे आहे?"

मी म्हटलं, हे काय, ० ते ८०० यार्ड, प्रत्येक शंभरावर.

"तसं नाही. तू किती अंतरावरून मारणार आहेस?"

हाच खरा प्रश्न आहे, आणि दुकानात तो कुणी विचारत नाही. तर बसून हिशेब केला. तो इथे देतो, कारण आकडे बघितल्याशिवाय पटत नाही.

एल्कच्या छातीतली हृदय-फुप्फुसांची जागा साधारण पंधरा इंच व्यासाची धरा. म्हणजे मध्यापासून साडेसात इंचांची मुभा. या साडेसात इंचांत दोन चुका मावल्या पाहिजेत: माझा हात आणि वारा.

हात: बाकावर वाळूच्या पिशव्या ठेवून माझी रायफल शंभर यार्डांवर एका इंचात गोळ्या टाकते. पण डोंगरात बाक नसतो. बसून, काठ्यांच्या आधाराने, थोडी धाप लागलेली असताना मी शंभर यार्डांवर तीन इंचांच्या वर्तुळात राहतो. हे अंतराच्या प्रमाणात वाढतं. ३०० यार्डांवर नऊ इंच, म्हणजे मध्यापासून साडेचार. ५०० यार्डांवर पंधरा, म्हणजे साडेसात. पाचशेवर सगळी मुभा हातातच संपली, वारा अजून यायचाच आहे.

वारा: ६.५ क्रीडमूरची १४३ ग्रेनची गोळी २७०० फूट प्रति सेकंद वेगाने निघते. ताशी दहा मैलांचा आडवा वारा तिला ३०० यार्डांवर सुमारे पाच इंच आणि ५०० यार्डांवर सुमारे पंधरा इंच ढकलतो. अंतर पावणेदोन पटही झालं नाही आणि वाऱ्याची ढकल तिप्पट. आता माझा वाऱ्याचा अंदाज ताशी पाच मैलांनी चुकला असं समजा. तेवढा तो चुकतोच, कारण गवत माझ्या पायाशी हलतंय आणि गोळी मधल्या दरीवरून जाणार आहे. ३०० यार्डांवर अडीच इंचांची चूक, ५०० यार्डांवर साडेसात इंचांची.

बेरीज करा. ३०० यार्डांवर साडेचार अधिक अडीच, सात इंच. मावतं, जेमतेम. ५०० यार्डांवर साडेसात अधिक साडेसात, पंधरा इंच. म्हणजे वाईटात वाईट गोळी फुप्फुसाऐवजी पोटात. जनावर पळून जाणार आणि रात्रभर कुठेतरी मरत पडणार. आईचं डुक्कर.

(हे आकडे समुद्रसपाटीच्या हवेचे आहेत. दहा हजार फुटांवर हवा साधारण चौथाईने विरळ असते, त्यामुळे गोळी थोडी कमी ढळते. पण निष्कर्ष बदलत नाही.)

तुम्ही म्हणाल, मग मोठं काडतूस घे ना! मीही तेच म्हटलं. .३०० विंचेस्टर मॅग्नम, २०० ग्रेनची गोळी, २८५० फूट. तिची त्याच वाऱ्यातली ढळ काढली. ५०० यार्डांवर सुमारे चौदा इंच. पंधराऐवजी चौदा!! ऊर्जेत मात्र जमीन-अस्मानाचा फरक: ५०० यार्डांवर क्रीडमूरकडे सुमारे १३०० फूट-पौंड उरतात, मॅग्नमकडे सुमारे २०००. म्हणजे जादा पैसे आणि जादा दणका देऊन मी जी गोष्ट विकत घेत होतो ती ऊर्जा होती, आणि मला कमी पडत होती ती अचूकता. बॉटलनेक डेटाबेसमध्ये आणि आपण वेब सर्व्हर वाढवतोय, तसलाच प्रकार.

गोळी खाली किती पडते याची मला चिंता नव्हती. गुरुत्वाकर्षण रोज सारखंच असतं. लेझर रेंजफाइंडरने अंतर मोजा, दुर्बिणीची चकती तेवढे आटे फिरवा, झालं. तो प्रश्न तंत्रज्ञानाने खरोखर सोडवलाय, आणि त्यामुळेच लोकांना वाटतं की पाचशे-सहाशे यार्ड आता सोपे झाले. वारा मोजणारं यंत्र पण मिळतं, पण ते तुमच्या कानाजवळचा वारा सांगतं. दरीतला नाही.

आणखी एक गोष्ट यंत्राच्या हातात नाही. पाचशे यार्ड (आपल्या भाषेत क्रिकेटच्या जवळजवळ तेवीस खेळपट्ट्या) पार करायला गोळीला साठ-पासष्ट शतांश सेकंद लागतात. तुम्ही चाप ओढलात आणि त्याच क्षणी एल्कने चरता चरता एक पाऊल पुढे टाकलं, तर नेम अचूक असूनही गोळी चुकीच्या जागी लागते. इथे तुमचं कौशल्य, काडतूस, किंमत, काहीही कामाला येत नाही. थिओडोर रूझवेल्टच्या पुढाकाराने १८८७ साली निघालेल्या बून अँड क्रॉकेट क्लबचाही लांब पल्ल्याच्या शिकारीला आक्षेप आहे, पण त्यांचं कारण वेगळं: जनावराला धोका ओळखायची संधीच राहत नाही. मला ते पटतं, पण मला ते अर्धं सेकंद जास्त पटतं.

मग दणका. आठ पौंडांच्या रायफलीत क्रीडमूरचा धक्का साधारण तेरा-चौदा फूट-पौंड, वरच्या मॅग्नमचा तीसच्या पुढे. दुपटीहून जास्त. मी रेंजवर काकांच्या मित्राची मॅग्नम दहा वेळा उडवली. आठव्या बारापर्यंत चाप ओढायच्या आधीच माझे डोळे मिटायला लागले होते. खांद्याला निळं-जांभळं झालं ते वेगळं. जे काडतूस दहा बारांत नकोसं होतं त्याचा सराव मी करणार नाही हे मला माझ्या जिम मेंबरशिपवरून पक्कं माहीत आहे. शिवाय मॅग्नमच्या काडतुसांची किंमत बरीच जास्त. वर्षाला दोनशे बार उडवायचे तर हा फरक दिसतो.

एक मुद्दा मात्र मॅग्नमवाल्यांचा खरा आहे, आणि तो गोळीचा. गोळी शिरल्यावर फुलली पाहिजे, पण फुटून विखुरली नाही पाहिजे. १९४६ साली ब्रिटिश कोलंबियात जॉन नॉस्लरच्या .३०० मॅग्नमच्या गोळ्या एका चिखलाने माखलेल्या मूसला थांबवू शकल्या नाहीत. वेग भरपूर होता, पण गोळीच आतपर्यंत गेली नाही. त्याने मधोमध तांब्याचा पडदा असलेली 'पार्टिशन' गोळी बनवली, १९४८ पासून ती विकायला लागला, आणि ती आजही मिळते. त्याने काडतूस बदललं नाही, गोळी बदलली. दुकानात लोक काडतुसावर तासभर बोलतात आणि गोळ्यांचं खोकं मात्र सेलमधलं उचलतात. उलटं करा. शिसं आणि आवरण एकमेकांना घट्ट सांधलेली किंवा अख्खी तांब्याची गोळी घ्या. (कॅलिफोर्नियात तर १ जुलै २०१९ पासून शिकारीला शिशाची गोळी चालतच नाही, काँडोर गिधाडांना होणाऱ्या विषबाधेमुळे.) प्रत्येक गोळीला फुलायला किमान वेग लागतो, तो कंपनी सांगते. तुमच्या कमाल अंतरावर तेवढा वेग उरतो की नाही एवढं तपासा.

लहान काडतुसाबद्दल अजून धाकधूक असेल तर जिम कॉर्बेट आठवा. १९०७ साली चंपावतची नरभक्षक वाघीण मारल्यावर त्याला भेट मिळाली ती .२७५ रिग्बी. म्हणजे १८९२ सालच्या ७x५७ माउझरचंच इंग्रजी नाव, ताकदीला आजच्या मध्यम काडतुसांच्याच रांगेतलं. १९२६मध्ये रुद्रप्रयागचा बिबट्या त्याने त्याच रायफलीने मारला. स्वीडनमध्ये ६.५x५५ने पिढ्यानपिढ्या मूस मारतात, आणि मूस एल्कपेक्षा मोठा. अर्थात कॉर्बेट काय आणि स्वीडिश शिकारी काय, पाचशे यार्डांवरून मारत नव्हते. मुद्दा तोच आहे.

तर मी ६.५ क्रीडमूर घेतली. दुकानातल्या पोऱ्याने माझ्याकडे बघून 'सॉफ्टवेअर का?' असं विचारलं. इथे क्रीडमूरवाल्यांना 'अंबाडा बांधणारी शहरी पोरं' म्हणून चिडवतात. माझ्या डोक्यावर अंबाड्यापुरते केस नाहीत, पण असो. रायफलीच्या दस्त्यावर पांढऱ्या टेपवर '३००' लिहून चिकटवलं.

पहिल्या वर्षी फ्लॅट टॉप्सच्या डोंगरात, तिसऱ्या दिवशी संध्याकाळी, समोरच्या उतारावर सात माद्या दिसल्या. माझं परमिट मादीचंच होतं. रेंजफाइंडरने ४६२ दाखवले. वारा डावीकडून, गवत लवत होतं. उजेड वीसेक मिनिटांचा. दुर्बिणीतून तिची मान, कान, सगळं स्वच्छ दिसत होतं, आणि काडीवर रायफल अगदी स्थिर होती. खरं सांगतो, त्या क्षणी सगळा हिशेब खोटा वाटतो. मनात एकच, 'बसेल रे!' काका काही बोलले नाहीत. मी टेपकडे बघितलं आणि सेफ्टी लावली. ओढ्यातून जवळ जायचा प्रयत्न केला, माद्या झाडीत गेल्या. रिकाम्या हातांनी घरी.

दुसऱ्या वर्षी, मागच्या ऑक्टोबरात, एकशे नव्वद यार्डांवर, आडवी उभी असलेली मादी. एक बार. ती चाळीसेक पावलं चालली आणि बसली. मी जवळ गेलो तेव्हा सगळं शांत झालं होतं. हात थरथरत होते, आनंदाने नव्हे. रात्री दहापर्यंत आम्ही मांस वेगळं करत होतो (ते खाण्यासाठी नीट काढणं इथे कायद्यानेच बंधनकारक आहे), आणि मग पाठीवर तीन खेपा. आईला फोन केला तर तिने पहिलं हेच विचारलं, "लगेच गेली ना?" हो म्हणालो. "बरं," म्हणाली आणि रस्सा कसा करायचा ते सांगायला लागली.

एकशे नव्वद यार्डांवर माझ्या स्प्रेडशीटमधली अकराच्या अकरा काडतुसं चालली असती. त्या मादीला काही फरक पडला नसता.

तेव्हा तुमच्यापैकी कुणाला घ्यायचीच असेल तर यादी करायच्या आधी एक करा. ओळखीच्या कुणाची तरी रायफल घेऊन (परवाना वगैरे बघून!) रेंजवर जा. दहा इंची कागदी प्लेट लावा. बाकावर बसू नका, जमिनीवर बसा, थोडं पळून येऊन बसा. ज्या अंतरावर दहापैकी दहा गोळ्या प्लेटमध्ये जातात ते तुमचं अंतर. नऊ गेल्या तर जवळ या. तो आकडा टेपवर लिहा आणि मग दुकानात जा. बहुतेकांचा आकडा तीनशेच्या आत येईल, आणि मग काउंटरवरची ती सगळी भांडणं फक्त ऐकायला मजेदार उरतात. आम्ही दर सप्टेंबरात जातो, काका .३०-०६ घेऊन. या वर्षी त्यांची प्लेट दोनशे चाळीसवर आली. टेप बदलली त्यांनी, काही न बोलता.